सातवं गाणं

मी भरून दिलेली सीडी माझ्या बायकोने कधी ऐकलीच नव्हती, हे मला कळलं तेव्हा आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

२०२१चा फेब्रुवारी. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली आणि आम्ही डोंबिवलीच्या घरातलं सामान खोक्यांत कोंबत होतो. तिच्या माहेरहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत मार्कशीटची प्लास्टिकची फाइल निघाली. फाइलमध्ये दहावीचं, बारावीचं, लिव्हिंग सर्टिफिकेट, आणि मागच्या कप्प्यात एका पांढऱ्या पाकिटात ती सीडी. वर मार्करने, माझ्याच तिरक्या अक्षरात : ‘टीवाय अकाउंट्स – नोट्स’.

“ही अजून ठेवलीयस?” मी विचारलं. आवाजात जरा लाडही आला असणार.

“हो मग.”

“शेवटची कधी ऐकलीस?”

ती सेलोटेपचं हरवलेलं टोक नखाने शोधत होती. मान वर न करता म्हणाली, “ऐकलीच नाही कधी. आमच्याकडे लागायचीच नाही ती.”

मी खोकं बांधत राहिलो. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. तेव्हा भांडायला वेळ नव्हता, म्हणून ते भांडण पुढे महिनाभर हप्त्याहप्त्याने झालं.

आता तुम्ही म्हणाल, एका सीडीचं काय एवढं. तुमच्या फोनमध्ये सगळी गाणी आहेत. कुणावर जीव जडला की प्लेलिस्ट बनवायला दहा मिनिटं लागतात, लिंक टाकली की समोरच्याकडे पोचते, आणि ब्रेकअप झालं की प्रायव्हेट करता येते. मला ते कमी वाटत नाही. पण माझं शिक्षण कॅसेटवर झालेलं आहे, आणि ते कसं झालं ते सांगितल्याशिवाय मी एवढा का दुखावलो ते कळायचं नाही.

१९९६ साली मी बारा वर्षांचा होतो आणि कुरियरचं काम करायचो. गिऱ्हाईक एकच, माझा चुलतदादा. तो शिकायला आमच्याकडे डोंबिवलीत राहायचा. माझ्या मुंजीत त्याला एक मुलगी दिसली. ती ठाण्याला नौपाड्यात, माझ्या आजीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची. मी आणि आई दर शनिवारी आजीकडे जायचो. एवढी सोय असताना दादा कशाला पोस्टाच्या भानगडीत पडेल?

तेव्हा स्टेशनजवळ कॅसेट भरून देणारी दुकानं असायची. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची किंवा त्याच्याकडचीच घ्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. त्या गाण्यांचे पैसे ज्यांनी ती केली त्यांच्यापर्यंत पोचतात का, हे दुकानदारालाही विचारावंसं वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. दादाला मात्र दुकानातून भरून घेणं पटायचं नाही. दुकानदाराने हात लावला तर ती आपली कशी राहील, असं त्याचं म्हणणं. त्याने मित्राचा डबल डेक टेपरेकॉर्डर आठवडाभरासाठी आणला.

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. हिंदी सिनेमातलं गाणं साधारण पाच मिनिटांचं. म्हणजे बाजूला सहा गाणी, आणि सहावं मधेच तुटलं तर सगळा खेळ खलास. दादा मनगटी घड्याळ समोर ठेवून प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं वहीत लिहायचा, बेरजा करायचा, एक गाणं काढायचा, दुसरं घालायचा. त्याच वर्षी त्याची गणितात केटी लागली होती, हे जाता जाता सांगतो. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकत्र दाबायची, पॉज नेमक्या क्षणी सोडायचा. जरा उशीर झाला की गाण्याचा पहिला शब्द गेला, लवकर सोडला की आधीच्या गाण्याची शेपटी आली. मग मागे घ्या आणि पुन्हा.

यातली मुख्य गोष्ट ही की तासाची कॅसेट भरायला तास लागायचा. निदान तास. गाणं वाजल्याशिवाय दुसऱ्या रिळावर उतरत नाही. त्यामुळे दादाने ती बारा गाणी शेवटपर्यंत ऐकली, ती ऐकताना तिचा चेहरा कसा होईल याचा विचार करत ऐकली. हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दादा भिंतीकडे बघत बसलाय आणि मला शू म्हणतोय.

शेवटी त्याने कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे चौकोन स्क्रू-ड्रायव्हरने तोडले. ते तोडले की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही.

“कशाला तोडलंस?”

“नाहीतर तिचे वडील यावर कीर्तन भरतील.”

मी ती कॅसेट गणिताच्या वहीत लपवून नेली आणि जिन्यात दिली. दोन महिन्यांनी तिने तीच कॅसेट माझ्या हातात परत ठेवली. मी घाबरत घाबरत आणून दिली. दादाचा चेहरा पडला. रात्री सगळे झोपल्यावर त्याने ती लावली, कानाला स्पीकर टेकवून. ए बाजू जशीच्या तशी. कॅसेट उलटली तर बी बाजूला त्याची गाणीच नव्हती! तुटलेल्या चौकोनाच्या जागी तिने सेलोटेप चिकटवला होता, आणि सहा गाणी स्वतःची भरली होती. दादा उठून अंधारातच अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्यांचं लग्न झालं नाही. का, ते कुरियरला कोणी सांगत नाही.

तर डोक्यात हे सगळं घेऊन मी कॉलेजात गेलो. चेंदणीच्या खाडीकाठी आमचं कॉलेज. ती कल्याणहून यायची, मी डोंबिवलीहून चढायचो. लेडीज डबा वेगळा, त्यामुळे प्रवास एकत्र असा नव्हताच, फक्त गाडी एक. जाताना आपण एकाच गाडीत आहोत एवढ्यावर भागवायचं. तेव्हाच्या फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की खिशातल्या रेडिओचं एफएम खरखरून बंद पडायचं आणि ज्यांच्याकडे कॅसेटचा वॉकमन होता त्यांचं गाणं चालूच राहायचं. मला तो फरक फार मोठा वाटायचा. रेडिओवरचं गाणं सगळ्यांचं असतं, बोगद्यात जातं. कुणीतरी भरून दिलेलं आपल्यासोबत आत येतं.

रेडिओवरही लोक आपलं नाव घालायचेच म्हणा. आमच्या घरी ‘आपली आवड’ लागायचं आणि गाण्याआधी गावोगावच्या फरमाईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची. आई सांगायची की तिच्या मैत्रिणीच्या भावाने एकीसाठी गाणं मागितलं होतं, सोबत आपलं नाव आणि गाव. ती मुलगी नेमकी त्या वेळी नळावर पाणी भरायला गेली होती. आख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं, तिने नाही. हे मी पूर्वी विनोद म्हणून सांगायचो.

२००४पर्यंत कॅसेट म्हातारी झाली होती. मित्राच्या घरी कॉम्प्युटर आला होता, त्यात सीडी राइटर. कोरी सीडी सातशे एमबीची. तुम्ही त्यावर नेहमीची ऑडिओ सीडी केलीत तर ऐंशी मिनिटं मिळायची, म्हणजे पंधरा-सोळा गाणी. पण एमपीथ्री टाकलीत तर शंभराच्या वर. मला बेरजा कराव्या लागणार नव्हत्या, काही वगळावं लागणार नव्हतं. मी एकशे बारा गाणी टाकली.

इथेच मी चुकलो, पण ते कळायला अजून वेळ आहे.

‘आयुष्यावर बोलू काही’ तेव्हा नवं होतं, ते टाकलं. सौमित्र आणि मिलिंद इंगळेंचा ‘गारवा’ टाकला, कारण तो न टाकणाऱ्या मुलाला तेव्हा प्रेमात पडायची परवानगीच नव्हती. सुरेश भटांच्या गझला. जगजितसिंग आणि गुलजारांचं ‘मरासिम’. कुमार गंधर्व टाकले, खरं तर मला ते तेव्हा कळायचे नाहीत, पण मला ते कळतात असं तिला वाटायला हवं होतं. रेहमान. ‘दिल चाहता है’. इंग्रजी पाच-सहा, त्यातली दोन मी पूर्ण ऐकलीही नव्हती. प्लेअर फायलींची नावं बघून क्रम लावतो, हे मित्राने सांगितलं म्हणून एकशे बारा फायलींच्या नावांपुढे ००१, ००२ असे आकडे घातले. दोन सीडी राइट होता होता फुकट गेल्या. त्यांची कपाखालची बैठक झाली. तिसरी झाली, पाच-सात मिनिटांत. मी त्या पाच-सात मिनिटांत मित्राच्या आईने दिलेला चिवडा खाल्ला.

तिच्या घरी कुणाला संशय येऊ नये म्हणून वर अकाउंट्सच्या नोट्स.

डोंबिवलीचे असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून गणपतीला जातो असं सांगून आख्खं तरुण डोंबिवली फडके रोडवर येतं. नवे कुर्ते, नव्या साड्या, अत्तराचा घमघमाट, आणि वर्षभर ज्यांच्याशी बोलायचं धाडस झालं नाही ते सगळे त्या एका रस्त्यावर चालत असतात. कल्याण-ठाण्याहूनही लोक येतात. ती बहिणीबरोबर आली होती. गर्दीत खांद्याला खांदा लागला, मी पाकीट दिलं आणि म्हणालो, “नोट्स.” बहीण हसली. म्हणजे तिला कळलं.

आठवडा थांबलो. मग कॉलेजच्या कट्ट्यावर विचारलं, “ऐकलीस?”

“हो.”

“कशी वाटली?”

“छान आहे.”

“सगळ्यात आवडलं कुठलं?”

ती क्षणभर थांबली. “सातवं.”

सातवं गाणं लकी अलीचं होतं, ‘सुनोह’मधलं. एकशे बारातून तिने ते निवडलं याचा अर्थ लावण्यात माझे पुढचे सहा महिने गेले. ते गाणं भटकण्याबद्दल आहे. म्हणजे तिला बंधन नको आहे का? की माझ्याबरोबर भटकायचं आहे? मी मित्राची गिटार आणली आणि तेवढं एक गाणं शिकलो. गॅदरिंगला म्हटलं. ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी गातोय ते ‘सातवं’ आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

मग २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा मुंबईकरांना पाठ आहे. कल्याणकडे उल्हास आणि वालधुनी चढल्या त्याबद्दल कमी बोललं जातं. तिचं घर वालधुनीच्या बाजूला, तळमजल्यावर. फोन बंद, गाड्या बंद. तिसऱ्या दिवशी मी रुळांवरून चालत निघालो, ठाकुर्लीवरून कल्याण. रुळांवर माझ्यासारखे बरेच होते, प्रत्येकाच्या हातात बिस्किटं नाहीतर पाण्याच्या बाटल्या. तिच्या घराच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी. गाद्या रस्त्यावर काढलेल्या. वास असा की बोलताना तोंड उघडवेना.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा घरात ज्याने त्याने जे सुचलं ते उचललं आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. आईने देव उचलले, वडिलांनी टीव्ही, भावाने सिलिंडर. हिने मार्कशीटची फाइल. मी गेलो तेव्हा ती फाइल शेजाऱ्यांच्या पलंगावर उघडी पडली होती, कागद वाळत घातलेले, आणि कागदांच्या बाजूला, कोरडी ठणठणीत, माझी सीडी. तिच्या आईने विचारलंसुद्धा, “तुम्ही दिलेल्या नोट्स ना या? वाचल्या हो.” मी मान डोलावली. परतताना रुळांवरून चालताना मला त्या वासाचा, चिखलाचा सगळ्याचा विसर पडला होता याची मला आजही थोडी लाज वाटते. मी मनात म्हणत होतो, हिने माझी गाणी वाचवली.

आणि आता ती सेलोटेपचं टोक शोधत म्हणत होती, ऐकलीच नाही कधी.

तिची बाजू अशी. त्यांच्या घरी फक्त टेपरेकॉर्डर होता. सायबर कॅफेत सीडी घालू द्यायचे नाहीत, व्हायरसची भीती. शिवाय तिथे शेजारच्या खुर्चीवर कोण असेल काय सांगावं. एकदा ठाण्याला मामाकडे त्यांच्या म्युझिक सिस्टिममध्ये घातली, तर पडद्यावर ‘नो डिस्क’ आलं. तो प्लेअर एमपीथ्री वाचत नव्हता. मला सांगितलं असतं तर मी हिरमुसलो असतो. “तू एवढ्या आशेने विचारलंस,” ती म्हणाली. “मग सात म्हटलं. माझी जन्मतारीख सात आहे ना.”

“मी गिटार शिकलो!”

“हो. वाईट वाजवायचास.”

मी ऑनलाइन एक बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला. हट्टच होता तो. भाड्याच्या घरात खोकी अजून उघडायची होती आणि मी लॅपटॉप मांडून बसलो. ड्राइव्ह बराच वेळ घरघरला. या घरी राइट केलेल्या सीड्यांमधला रंगाचा थर वर्षं गेली की खराब होतो, तसं झालं असणार. एकशे बारापैकी पन्नासेक फायली उघडल्या. सातवी उघडली. आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकत होतो. गाणं संपलं तसं ती म्हणाली, “छान आहे. पण हे तर तुझं आवडतं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही सगळीच तुझी आवडती आहेत. यात माझं काय आहे?”

मी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. कुमार गंधर्व, ती न ऐकलेली इंग्रजी गाणी, गझला. मी तिला प्रेमपत्र दिलं नव्हतं. बायोडेटा दिला होता. एकशे बारा ओळींचा.

या विषयावर जगात बरंच लिहून झालंय. निक हॉर्नबीच्या ‘हाय फिडेलिटी’चा नायक लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवतो आणि कॅसेट कशी भरावी याचे त्याचे काटेकोर नियम आहेत. कादंबरी १९९५ची. वाचताना सारखं वाटत राहतं की या माणसाला गाणी कळतात, बायका कळत नाहीत. मी ती भांडणाच्या महिन्यात वाचली, हा योग चांगला नव्हता. रॉब शेफील्ड या अमेरिकन संगीत-लेखकाचं २००७चं पुस्तक वेगळं आहे. त्याची बायको १९९७ साली अचानक गेली, आणि मागे राहिलेल्या कॅसेटी एकेक काढत तो त्यांच्या संसाराची गोष्ट सांगतो. प्रत्येक प्रकरणाच्या आधी एका कॅसेटची यादी. ते वाचून मी भांडण थांबवलं. निदान माझ्या बाजूने.

पुढच्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात एकोणीस रात्री काढल्या. दिवसा आई आणि बहीण, रात्री मी. हॉस्पिटलच्या रात्रीबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही, ज्यांनी काढल्यात त्यांना माहीत आहे. पहिल्या रात्री सव्वादहाला तिचा मेसेज आला. एका गाण्याची लिंक आणि खाली एक ओळ : ‘पोळ्या करपल्या की तू हे म्हणतोस.’

मी असलं काही म्हणतो हे मला माहीत नव्हतं. लावलं. खरंच म्हणतो.

दुसऱ्या रात्री दुसरं. ‘भांडण झालं की गॅलरीत जाऊन. ध्रुपद येतं, अंतऱ्याला नुसतं हं हं.’ तिसऱ्या रात्री भीमसेन जोशींचा एक अभंग, ‘रविवारी आंघोळीला, इतर दिवशी घाई असते.’ चौथ्या रात्री नव्वदच्या दशकातलं एक टपोरी गाणं. त्या गाण्याला मी चारचौघांत नाक मुरडतो, एकदा त्यावरून मित्राला अर्धा तास लेक्चर दिलं होतं. ‘पगार झाला की,’ तिने लिहिलं होतं. पाचव्या रात्री चक्क निरमाची जाहिरात. ‘बाईकला किक मारताना. स्टार्ट झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून.’

वॉर्डच्या पॅसेजमध्ये, त्या निळसर ट्यूबलाइटखाली, मी एकटा हसत होतो. समोरच्या बाकड्यावरच्या काकांनी सरकून जागा दिली. त्यांना वाटलं मी रडतोय.

एकशे बारा गाण्यांत मी कधी नव्हतो तेवढा या पाचांत होतो. मी निवडलेला मी नव्हे, मला न विचारता घरात वावरणारा. आणि कुणीतरी तो बारा-तेरा वर्षं ऐकत होतं. पोळ्या लाटताना, दुसऱ्या खोलीतून, भांडण चालू असतानासुद्धा! दादाला एक तास लागला होता म्हणून मी थक्क व्हायचो. हिने घेतलेल्या वेळाचा हिशोब कुठल्या वहीत करणार.

नवव्या रात्री गाणं नव्हतं. आकाशवाणीची ती सुरुवातीची धून होती, सकाळी स्टेशन सुरू व्हायच्या आधी वाजते ती. खाली लिहिलं होतं : ‘दाढी करताना शीळ घालतोस ती. पण ही तुझी नाही, बाबांची आहे. त्यांना ऐकव.’

ही धून वॉल्टर कॉफमन यांची. ज्यू माणूस, बोहेमियात जन्मलेला. युरोपात नाझींचं सावट वाढलं तेव्हा, १९३४ साली, मुंबईत आला, आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघितलं आणि १९४६मध्ये निघून गेला. शिवरंजनीच्या अंगाने जाणारी ती धून मात्र इथेच राहिली. सहाला रेडिओ लावायचा आणि आरशासमोर उभं राहायचं, असं बाबांचं आयुष्यभर चाललं. त्या धुनेवर ते शीळ घालायचे, गालाला फेस लागलेला. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून बघायचो. ती शीळ माझ्याकडे कधी आली, मला आठवत नाही.

मी फोन बाबांच्या उशीजवळ ठेवला, आवाज अगदी बारीक करून. त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्यांदा लावली तेव्हा ओठांचा चंबू झाला, डावीकडून नीट, उजवीकडून ओघळलेला. शीळ आली नाही. नुसती हवा आली, पण तालात आली. सिस्टर म्हणाली, “आजोबा, झोपा आता.” मी तिला खूण करून थांबवलं, आणि अजून एकदा लावली.

बाबा घरी आले. बोलणं पुरतं परतलं नाही, मोजकी पंधरा-वीस शब्दांची शिदोरी आहे. तेवढ्यात भागतं. शीळ मध्येच कधीतरी लागते.

त्या एकोणीस लिंका मी प्लेलिस्टमध्ये टाकल्या नाहीत. त्या तिच्या-माझ्या चॅटमध्ये दूधवाल्याच्या हिशोबात आणि ‘कोथिंबीर आण’च्या मधोमध पडून आहेत. शोधायला गेलं की खूप वर जावं लागतं, आणि वाटेत त्या दिवसांतले रिपोर्टचे फोटो लागतात.

मग मी ठरवलं की आता आपण तिच्यासाठी भरायची. नीट. तिच्या गाण्यांची. आणि पहिल्याच दिवशी अडलो, कारण ती काय गुणगुणते हे मला सांगता येईना. दोन आठवडे कान देऊन बसलो. ती गुणगुणतच नाही. कणकेच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवते, पण त्यातून गाणं ओळखणं म्हणजे नुसत्या ठेक्यावरून बंदिश ओळखायची. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण विचारून काय उपयोग. विचारलं तर बायोडेटाच येणार.

शोध योगायोगाने लागला. तिच्या आईकडे कल्याणला जाताना स्कूटर ती चालवते, मी मागे. पत्रीपुलावर ट्रॅफिक तुंबला की ती हेल्मेटच्या आत गाते. तिला वाटतं हेल्मेटमधून आवाज बाहेर येत नाही. येतो. बसचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या शिव्या आणि त्यातून एखादी ओळ, अर्धी, कधी नुसते सूर. मी ते तोंडात घोळवत घरी न्यायचो आणि रात्री शोधत बसायचो. एक लहानपणच्या शाळेतलं समूहगीत निघालं. एक ‘साथिया’मधलं. एक लावणी निघाली, ती ऐकून मी सासूबाईंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, कारण ती घरात दुसरं कोणाकडून येणार? सगळी ओळख पटेपर्यंत वर्ष गेलं. दर महिन्याला एकदा कल्याण, त्यात प्रत्येक वेळी पुलावर ट्रॅफिक असेलच असं नाही. माझ्याइतकी वाहतूक कोंडीची वाट बघणारा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल.

गेल्या दिवाळीत, फडके रोडवरून परत येऊन चहा टाकता टाकता, मी तिला यादी पाठवली. काही लिहिलं नाही. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, “ऐकलीस?”

“हो.”

“कशी वाटली?”

“छान आहे.”

“सगळ्यात आवडलं कुठलं?”

ती फराळाचे डबे पुसत होती. “सातवं,” म्हणाली.

यादीत सहाच गाणी होती.